‘क्यू’च्या आधी : निनावी बोर्डांवर कटकथा कशी वाढत गेली

२८ ऑक्टोबर २०१७ रोजी फोरचॅन या निनावी चर्चेच्या संकेतस्थळाच्या ‘पॉलिटिकली इनकरेक्ट’ बोर्डावर (म्हणजे विभागावर, बोलीत ‘पोल’) कुणीतरी पुडी सोडली : हिलरी क्लिंटन यांना ३० तारखेला, सोमवारी सकाळी ७:४५ ते ८:३० दरम्यान अटक होणार. अटक झाली नाही. तरी तिथूनच, सरकारच्या आतल्या गोटातला असल्याचे भासवणाऱ्या ‘क्यू’ या निनावी लेखकाच्या, बड्या नेत्यांची मुलांना छळणारी गुप्त टोळी आहे अशा कटकथेवर पोसलेले ‘क्यूअ‍ॅनॉन’ उभे राहिले आणि ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदेत घुसलेल्या जमावात त्याच्या खुणा मिरवणारे लोक होते. पहिलेच भाकीत फसूनही हे का टिकले, याचे उत्तर बोर्डाच्या बांधणीत आहे.

अशा बोर्डांचे मूळ जपानी आहे. हिरोयुकी निशिमुरा याने १९९९ साली, अमेरिकेत आर्कान्सात शिकत असताना, ‘टूचॅनल’ हे चर्चेचे संकेतस्थळ काढले. नोंदणी नाही, नाव न लिहिणाऱ्या सगळ्यांना एकच ठरलेले नाव. २००१ मध्ये चित्रांसाठी ‘फुताबा चॅनल’ आले आणि त्याच धर्तीवर १५ वर्षांच्या ख्रिस्तोफर पूलने १ ऑक्टोबर २००३ रोजी फोरचॅन सुरू केले.

इथे धागे, म्हणजे एकेका विषयावरच्या चर्चा, टिकत नाहीत. प्रतिसाद आला की धागा वर येतो, ठरावीक प्रतिसादांनंतर वर येणे बंद होते आणि नव्या धाग्यांच्या रेट्याने तळाचा धागा पुसला जातो. २०११ च्या एका अभ्यासात ‘बी’ या सर्वात गजबजलेल्या बोर्डावरचे निम्मे धागे चार मिनिटांच्या आत नाहीसे झालेले आढळले. ९० टक्क्यांहून अधिक लेखन पूर्ण निनावी होते. अशा ठिकाणी भडक दाव्याला तत्काळ प्रतिसाद मिळतो आणि तो वर राहतो. शांतपणे पुरावे तपासून कुणी खुलासा लिहीपर्यंत धागाच उरत नाही.

बातम्यांचा जुना बोर्ड वंशद्वेषी मजकुरामुळे २०११ च्या सुरुवातीला बंद झाला आणि त्याच वर्षाअखेरीस ‘पोल’ निघाला. तिथे नावाशेजारी देशाचा झेंडा दिसतो आणि प्रत्येकाला आयडी मिळतो, पण तो त्या धाग्यापुरताच. पुढच्या धाग्यात नवा आयडी, म्हणजे कालचा थापाड्या आज कोरा. टवाळी करणारा आणि मनापासून मानणारा यांच्यात फरक करायला काहीच हाती लागत नाही. ‘आतल्या गोटातला माणूस’ बनून लिहिणे हा तिथला जुना खेळ, त्याला ‘लार्प’ म्हणतात. २०१६ मध्ये स्वतःला अमेरिकी तपाससंस्था एफबीआयमधला म्हणवणारा ‘एफबीआयअ‍ॅनॉन’ होऊन गेला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विकिलीक्सने हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांचे ईमेल उघड केले. त्यांतल्या ‘पिझ्झा’, ‘चीज’ या शब्दांना सांकेतिक ठरवून वॉशिंग्टनच्या ‘कॉमेट पिंग पाँग’ हॉटेलच्या तळघरात मुले डांबल्याची कथा रचली गेली. ४ डिसेंबरला एकजण रायफल घेऊन तिथे शिरला, गोळ्या झाडल्या. त्या इमारतीला तळघरच नव्हते. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

क्यू वेगळा ठरला तो ट्रिपकोडमुळे. नावापुढे # टाकून पासवर्ड लिहिला की सॉफ्टवेअर त्यापासून दहा अक्षरांची खूण बनवते आणि निनावी राहूनही ‘कालचा तोच मी’ असे दाखवता येते. पण जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे धरली जातात, त्यामुळे संगणकाने तो शोधून काढणे सोपे. क्यूचा एक पासवर्ड ‘मॅटलॉक’ निघाला आणि कुणालाही क्यू होता येऊ लागले. क्यू नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीसच एटचॅन या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर गेला होता. तिथल्या सुरक्षित ट्रिपकोडमध्ये सर्व्हरवरची गुप्त किल्ली मिसळते. बाहेरच्यांची लबाडी थांबली, पण खरा क्यू कोण हे आता फक्त सर्व्हर, म्हणजे पर्यायाने तो चालवणारा, सांगणार होता. माझ्या मते या इतिहासातली सर्वात महत्त्वाची आणि सर्वात कमी चर्चिलेली गोष्ट ही.

एटचॅनवर पसाऱ्याला शिस्तही लागली. धागा भरला की ‘बेकर’ म्हणवणारे स्वयंसेवक निवडक दुवे एकत्र करून नवा धागा, म्हणजे ‘ब्रेड’, उघडत. मग संकलन करणाऱ्या साइट फक्त क्यूचे लेखन उचलू लागल्या. भोवतीची टिंगल, शिवीगाळ, ‘हा लार्प आहे’ असे बजावणारे प्रतिसाद गळाले. फेसबुक-यूट्यूबवरून आलेल्या वाचकासमोर उरले ते गूढ प्रश्न आणि गंभीर स्वर. फेसबुकने क्यूअ‍ॅनॉनवर सरसकट बंदी घातली ती ऑक्टोबर २०२० मध्ये.

ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोच्या हत्याकांडानंतर, मारेकऱ्याचा जाहीरनामा एटचॅनवर आल्याने, साइटना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने एटचॅनची सेवा काढून घेतली. क्यू तेवढा काळ गप्प होता. नोव्हेंबरमध्ये साइट ‘एटकुन’ नावाने परतली आणि क्यूही परतला. दुसरीकडे कुठेच तो लिहीत नसे, कारण तिथे त्याची खूण चालली नसती. एटचॅनचा संस्थापक फ्रेडरिक ब्रेनन यावर वारंवार बोट ठेवत आला. २०२२ मध्ये भाषाशैली तपासणाऱ्या दोन स्वतंत्र गटांनी सुरुवातीचे लेखन दक्षिण आफ्रिकेतल्या पॉल फर्बरशी आणि नंतरचे साइटचा प्रशासक रॉन वॉटकिन्सशी जुळत असल्याचा निष्कर्ष काढला. दोघांनीही तो नाकारला. त्याच वर्षी जूनमध्ये, दीड वर्षाच्या शांततेनंतर, एटकुनवर जुना ट्रिपकोड पुन्हा उमटला.