सरबत विकायचंय? मशीन घेण्याआधी हे वाचा

घरचं पन्हं पाहुणे वाखाणतात; तीच चव यावल-शहाद्याच्या दुकानात महिनोन्‌महिने टिकवणं हे वेगळंच काम. खान्देशातल्या बचत गटांना आणि शेतकऱ्यांना आम्ही त्यातच मदत करतो.

सुरुवातीलाच तयार प्यायच्या बाटलीच्या नादी लागू नका. तिच्यात बहुतांश पाणीच, आणि बाटली-भाड्याचा खर्च त्या पाण्यावरच. स्क्वॉश करा, म्हणजे पाणी घालून प्यायचं घट्ट सरबत: फळाचा रस किमान २५ टक्के, ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं, घनपदार्थांचं टक्केवारीतलं माप) किमान ४०. सिरप करायचं तर ब्रिक्स ६५.

फळ बदललं की अडचण बदलते. सरबत टिकावं म्हणून परिरक्षक घालतात. जांभूळ किंवा लाल अंबाडीत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे परिरक्षक घातलं की रंग उडतो, तिथे सोडियम बेंझोएट वापरायचं. लिंबू-कैरीला मेटाबायसल्फाइट चालतं.

केळीचे भाव पडले की जो तो आमच्याकडे ज्यूसची चौकशी करतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव मोठंच आहे. पण केळं आंबट नाही, कापलं की काळं पडतं आणि गर गाळणीतून उतरत नाही. आधी गर तापवून काळं पडणं थांबवायचं, निवल्यावर पेक्टिनेज एन्झाइमने पातळ करायचा, लिंबाने सामू (पीएच, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या बराच खाली आणायचा. जमतं, पण पहिलं उत्पादन म्हणून आम्ही ते सुचवत नाही.

अक्कलकुवा-धडगावकडच्या मंडळींनी मोहफुलं झाडाखाली जाळी बांधून झेलावीत, मातीतली नकोत. रस पटकन आंबतो, त्याच दिवशी उकळा. दारूचा विषय उत्पादन शुल्क खात्याचा. त्यात आम्ही पडत नाही.

तुमच्या मालाच्या तीन-चार चवी करून गावातच चाखवतो, एक ठरवतो. मग बाटल्या थेट पत्र्याच्या शेडमध्ये! मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ ला टेकतो आणि दुकानात फ्रिज असेलच असं नाही. झाकण फुगलं की कृती बदलायची. यात वेळ जातो, घाई असेल तर आमच्याकडे येऊ नका.

प्रयोगशाळेचा अहवाल, अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आणि लेबल यांचं नंतर बघू. लेबलवर ‘शुगर बरी करतं’ असलं काही मात्र आम्ही छापून देत नाही.

येताना पाचेक किलो माल आणा, थोडा पिकलेला, थोडा कच्चा. सोबत तुमच्या बोअरचं लिटरभर पाणीही आणा. क्षार जास्त असले तर चव बिघडते, म्हणून ते आधी तपासतो.