प्रधानमंत्री उज्ज्वला योजना

गरीब कुटुंबातील प्रौढ महिलेच्या नावे अनामत रक्कम न घेता स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी देणारी केंद्र सरकारची योजना. तिचा प्रारंभ १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे झाला. पाच कोटी जोडण्यांचे मूळ उद्दिष्ट पुढे आठ कोटींवर नेण्यात आले आणि आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. ऑगस्ट २०२१ मधील दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित मजुरांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालू लागले. एकूण जोडण्या आता दहा कोटींहून अधिक आहेत.

टाकी व रेग्युलेटरची अनामत, रबरी नळी आणि जोडणीचे काम यांसाठी सरकारने सुरुवातीला प्रत्येक जोडणीमागे एकूण १,६०० रुपये दिले. शेगडी आणि पहिली भरलेली टाकी मात्र पहिल्या टप्प्यात कर्जाऊ घेता येत असे व ते कर्ज पुढच्या टाक्यांवरील अनुदानातून वळते होई. म्हणजे ज्यांच्यासाठी अनुदान होते, त्यांनाच कर्ज फिटेपर्यंत टाकी पूर्ण दराने घ्यावी लागे. ही योजनेतील मोठीच उणीव होती. दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिली टाकी मोफत करून ती दूर करण्यात आली.

खरी अडचण जोडणीनंतर सुरू होते. सरपण आणि गोवऱ्यांना रोख पैसा लागत नाही, लागतात ते बाईचे श्रम, १४.२ किलोच्या टाकीचे पैसे मात्र एकदम मोजावे लागतात आणि अनुदान नंतर बँक खात्यात येते. रोजंदारीवरच्या घरात म्हणूनच शेगडीवर सकाळचा चहा व घाईची भाजी होते, तर भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच राहते. धूर कमी होतो, पण घराबाहेर जात नाही. हे लक्षात घेऊन पाच किलोच्या टाकीचा पर्याय देण्यात आला. मे २०२२ पासून उज्ज्वला लाभार्थींना प्रत्येक टाकीमागे २०० रुपये अनुदान मिळू लागले व ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० रुपये झाले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेद्वारे पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याचे ठरवले. लाभार्थी कुटुंबाचा वार्षिक सरासरी वापर २०१९-२० मध्ये सुमारे तीन टाक्या होता. २०२४-२५ मध्ये तो साडेचारच्या आसपास पोहोचला.