टेक्सासमध्ये ‘कोणीही गन घ्या’ असं काही नाहीये

तोच फॉरवर्ड परत फिरतोय, की टेक्सासने 2021 मध्ये लायसन्स काढून टाकलं, आता कोणीही दुकानात जाऊन गन उचलतो. अहो, विकत घ्यायला तिथे राज्याचं लायसन्स आधीही लागत नव्हतं! 1 सप्टेंबर 2021 पासून सुटलं ते हँडगन अंगावर बाळगायचं परमिट, कायद्यात अट 21 पूर्ण आणि गन ठेवायला कायद्याने बंदी नसलेला माणूस. परमिट नसलेल्याला दुकानात फेडरल (केंद्र सरकारचा) खरेदीचा फॉर्म 4473 आणि बॅकग्राउंड चेक आहेच (खासगी विक्रीत नाही, खरी पळवाट ती). बारच्या दारावर लाल 51% चा बोर्ड (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई तिथे प्यायल्या जाणाऱ्या दारूतून) दिसला की गन आत न्यायची नाही. आणि आपली एच-1बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) वाली मंडळी, तुम्हाला तर शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर फेडरल कायद्याने गन जवळ ठेवताच येत नाही, राज्य कुठलंही असो.