हेक्झेनची सुरक्षित हाताळणी (सॉल्व्हंट प्लँट)

हेक्झेन हे तेलबियांच्या पेंडीतील उरलेसुरले तेल विरघळवून काढण्यासाठी वापरले जाणारे, अतिज्वालाग्राही आणि दीर्घ संपर्कात मज्जातंतूंना घातक ठरणारे द्रावक आहे. खान्देशात सरकीच्या ढेपेत राहिलेले तेल दुभत्या जनावरांच्या कामी येते, त्यामुळे ते शेवटच्या थेंबापर्यंत काढण्याची निकड नसते. सोयाबीनचा हिशेब वेगळा आहे. त्यात तेलच 18 ते 20 टक्के असते आणि दाबयंत्रातून निघालेल्या पेंडीत 6 ते 8 टक्के अडकून राहते. हेक्झेनने धुतल्यावर ते एक टक्क्याच्या आसपास येते.

हेक्झेनचा ज्वलनबिंदू उणे 22 अंश सेल्सिअसच्या सुमारास आहे, म्हणजे धुळ्याच्या कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा 69 अंशांच्या आसपास उकळणाऱ्या या द्रवाचे बाष्पीभवन किती झपाट्याने होत असेल, हे वेगळे सांगायला नको. साठवणटाक्या जमिनीखाली बांधण्यामागे हेही एक कारण आहे. हवेत वाफेचे प्रमाण 1.1 ते 7.5 टक्के असले की ठिणगी पुरते. ही वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्याने वर न जाता पंपाच्या खड्ड्यात, केबलच्या चरात आणि गटारात साचते. अमेरिकेतील लुईव्हिल येथे 13 फेब्रुवारी 1981 रोजी सोयाबीन कारखान्यातून गटारात गेलेल्या हेक्झेनचा स्फोट होऊन रस्तेच्या रस्ते उखडले गेले. कारखान्याचे सांडपाणी हेक्झेन वेगळे करणाऱ्या सापळाटाकीतूनच बाहेर सोडावे लागते, ते याचसाठी.

टँकर रिकामा करताना प्रथम इंजिन बंद करून चाकांना अडण लावतात, मग अर्थिंगची क्लिप टँकरच्या रंग खरवडलेल्या, उघड्या धातूवर बसवतात आणि त्यानंतरच नळी जोडतात. रंगावर किंवा गंजावर लावलेली क्लिप दिसायला लावलेली असते, पण स्थिर विद्युत वाहून नेत नाही. नळीचे तोंड टाकीच्या तळापर्यंत न्यावे लागते, कारण वरून धार पडली की द्रवावर विद्युतभार साचतो. निष्कर्षण विभागात फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत न पोहोचू देणारे) दिवे व मोटारी असतात, पितळी हत्यारे वापरतात, आणि मोबाइल दारातच ठेवून आत जावे लागते. पेंडीतील हेक्झेन पाण्याच्या वाफेने उडवून पेंड भाजणाऱ्या डी.टी. (डीसॉल्व्हंटायझर-टोस्टर) यंत्रात वाफेचा दाब कमी पडल्यास पेंडीत हेक्झेन राहून थेट गोदामात पोहोचते. हा धोका सहसा दुर्लक्षिला जातो, कारण गोदामाकडे कोणी ज्वालाग्राही जागा म्हणून पाहत नाही.

यंत्रे सुरळीत चालू असतात तेव्हा हेक्झेन बंद नळ्यांतून फिरत असते. खरी जोखीम ती उघडण्याच्या वेळी असते. हंगाम उतरल्यावर, बहुधा उन्हाळ्यात, दुरुस्तीची कामे निघतात आणि गॅस कटर व वेल्डिंग मशीन घेऊन बाहेरचे कंत्राटी कामगार येतात. त्याआधी यंत्र रिकामे करून पाण्याच्या वाफेने धुणे, येणाऱ्या नळ्यांत आंधळी चकती (ब्लाइंड) बसवणे आणि वायुमापकाने तळाशी मोजणी करणे आवश्यक असते. नुसता व्हॉल्व्ह बंद करणे पुरेसे मानत नाहीत. टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी प्राणवायू किमान 19.5 टक्के आहे का तेही तपासतात आणि बाहेर एक जण सतत उभा ठेवतात.

विषबाधा हळूहळू होते. शरीरात हेक्झेनपासून तयार होणारा 2,5-हेक्झेनडायोन हा पदार्थ हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करतो; आधी बोटे बधिर होतात, पुढे पकड ढिली पडते. आठ तासांच्या पाळीत हवेतील सरासरी प्रमाण दशलक्षात 50 भागांच्या आत ठेवावे, अशी शिफारस आहे. तोंडाला बांधलेला रुमाल ही वाफ मुळीच अडवत नाही.

भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे प्रकरण घालून कामगारांना रसायनांची माहिती मिळण्याचा आणि नजीकचा धोका कळवण्याचा हक्क देण्यात आला. हा विषय खान्देशाला परका नाही : शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे 31 ऑगस्ट 2019 रोजी एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन किमान 13 जणांचा मृत्यू झाला. हेक्झेन पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यावर तरंगते. त्यामुळे सांडून पेटलेल्या हेक्झेनवर पाण्याचा जोरदार झोत मारल्यास आग पसरते. अशा आगीवर फेस किंवा कोरडी रासायनिक पावडर वापरतात, आणि पाण्याचा फवारा शेजारच्या टाक्या थंड ठेवण्यासाठी राखून ठेवतात.