गुरांच्या डॉक्टरचं गाव आणि भाड्याने मिळणारी दगडी घरं

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या यॉर्कशायर डेल्स या दऱ्याखोऱ्यांच्या भागातल्या अ‍ॅस्क्रिग गावात चर्चसमोर एक उंच दगडी घर आहे, पुढे लोखंडी कठडा, आणि त्या कठड्याशी उभं राहून फोटो काढणारं कुणी ना कुणी सापडतंच. १९७८ साली बीबीसीने 'ऑल क्रिएचर्स ग्रेट अँड स्मॉल' ही सिरीयल सुरू केली तेव्हा गुरांच्या डॉक्टरचं 'स्केलडेल हाऊस' म्हणून हेच घर दाखवलं होतं, गावातला किंग्ज आर्म्स हा पब तिथे ड्रोव्हर्स आर्म्स झाला, आणि अख्खं अ‍ॅस्क्रिग झालं डॅरोबी, म्हणजे गोष्टीतलं डॉक्टरचं गाव. पुढे त्या घरात पाहुण्यांच्या राहायची सोयही झाली. आज तिथे आजूबाजूला कॉटेज घेऊन आठवडाभर राहायची जी पद्धत पडलीये ती सिरीयलमुळे सुरू झाली असं लोक सरळ म्हणून टाकतात, पण ती घरं रिकामी का होती आणि गाव इतकं जुनं कसं राहिलं हे कुणी विचारत नाही, आणि मला तर खरी गोष्ट तीच वाटते.

मुळात तो डॉक्टर अ‍ॅस्क्रिगचा नव्हताच. ज्याच्या पुस्तकांवरून सिरीयल केली त्या लेखकाचं जेम्स हेरियट हे टोपणनाव, माणूस खरा अल्फ वाइट, १९४० मध्ये थर्स्कला गुरांचा डॉक्टर म्हणून आला आणि तिथेच राहिला, पुस्तकं यायला लागली १९७० पासून. थर्स्क म्हणजे डेल्सच्या बाहेर, सपाटीवरचं बाजाराचं गाव. डेल्सशी त्याचा संबंध मात्र एकदम पक्का, १९४१ ला लग्न झाल्यावर नवराबायको हनिमूनला कार्परबी गावातल्या व्हीटशीफ या पबमध्ये उतरले, अ‍ॅस्क्रिगहून अगदी जवळ, आणि त्या दिवसांतही हा माणूस गोठ्यागोठ्यात जाऊन गाईंची टीबीची तपासणी करत होता!

आता सिरीयलवाल्यांना हवं होतं १९३०-४० च्या काळातलं गाव, आणि ते अ‍ॅस्क्रिगमध्ये जवळजवळ आयतंच मिळालं, कारण गाव मागे पडलेलं होतं. एके काळी इथे मोठा बाजार भरायचा, घड्याळं बनवणारे कारागीर होते, चर्चजवळच्या फरसबंदीत बैल बांधायची लोखंडी कडी अजून आहे, बैलाला तिथे बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचे म्हणे, खेळ म्हणून. मग बाजार हळूहळू वरच्या अंगाला हॉज या गावी गेला. १८७७ ला रेल्वे आली खरी, पण १९५४ च्या एप्रिलमध्ये प्रवासी गाड्या बंद पडल्या.

पलीकडच्या स्वेलडेल आणि आर्कनगार्थडेल या खोऱ्यांचं तर याहून वाईट झालं. तिथे शिशाच्या खाणी होत्या, पुरुष खाणीत जायचे, घरी थोडी गुरं-मेंढरं, आणि बायका काय, पुरुष काय, मिळेल त्या वेळात हाताने मोजे विणायचे कारण एका कमाईवर भागायचंच नाही. १८७०-८० च्या सुमाराला परदेशातून स्वस्त शिसं यायला लागलं, भाव कोसळले, खाणी बंद, आणि माणसं निघाली, कुणी डरॅमच्या कोळशाच्या खाणीत, कुणी लँकेशायरच्या कापडगिरण्यांत, कुणी थेट अमेरिकेला. घरं तशीच राहिली मागे. आज ज्या कॉटेजचे फोटो बघून आपण बुकिंग करतो, जाड भिंती, छोट्या खिडक्या, दगडी फरश्यांचं छप्पर, त्यातली कितीतरी अशा लोकांची आहेत. मी एकदा स्वेलडेलमध्ये अशाच एका घरात राहिले होते, दाराच्या चौकटीला पहिल्याच दिवशी डोकं आपटलं आणि रात्री गॅलरी-बिलरी नसलेल्या त्या दोन खोल्यांत बसून वाटत राहिलं की इथे सात-आठ माणसं कशी मावत असतील.

गाड्या बंद झाल्या त्याच १९५४ मध्ये यॉर्कशायर डेल्स नॅशनल पार्क जाहीर झालं, आणि मग बांधकामावर बंधनं आली. कुरणांमधले चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचलेले गडगे आणि खाली गुरं, वर गवत अशी शेतातली गोठाघरं, हे सगळं त्यामुळे टिकलं. म्हणजे १९७८ ला कॅमेरा आला तेव्हा सेट जवळजवळ तयारच होता. सिरीयल १९९० पर्यंत चालली, ९० भाग झाले.

२०२० ला चॅनल फाइव्हने नवीन सिरीयल काढली, यावेळी डॅरोबी झालं ग्रासिंग्टन, आणि गंमत बघा, तेही शिशाच्या खाणींचंच गाव. पहिला भाग आला सप्टेंबर २०२० मध्ये, लॉकडाऊन नुकता सैल झालेला, परदेशी जाणं अवघड, लोक घरात बसून कंटाळलेले, आणि टीव्हीवर हिरव्या टेकड्या.

याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पार्कमधल्या साधारण पाचांतल्या एका घरात कायमचं कुणीच राहत नाही. तिथल्याच शेतकऱ्याच्या मुलाला लग्न झाल्यावर गावात घर परवडत नाही, कारण बाहेरचा पैसेवाला त्याच घरासाठी जास्त मोजतो. नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलने एप्रिल २०२५ पासून सेकंड होमवर, म्हणजे मालक कायमचा राहत नाही अशा दुसऱ्या घरावर, कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, दुप्पट केला, चांगलं केलं. पण पर्यटकांना वर्षात किमान ७० रात्री भाड्याने दिलेलं आणि १४० रात्री उपलब्ध ठेवलेलं घर धंद्याच्या करात मोडतं, तिथे कौन्सिल टॅक्स लागतच नाही, आणि घर छोटं असेल तर लहान धंद्याची सूट मिळून तो करही बहुतेक वेळा शून्यावर येतो. खाणकामगारांची घरं छोटीच होती.