पार्श्वभूमी : जंतांच्या गोळीला पास करायचे कसे?

शाळा-अंगणवाडीत फेब्रुवारीत चघळायला देतात ती अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी गुराढोरांच्या औषधांच्या घराण्यातली. घराण्यातले पहिले औषध, थायबेंडाझोल, 1960च्या दशकात मेंढ्यांसाठी आले. किरमाणी ओवा आणि थायमॉल या जुन्या जंतनाशकांचा काळ त्याही आधीचा.

2001 साली जागतिक आरोग्य संघटनेत, जंतांचा धोका असलेल्या भागांतल्या किमान 75 टक्के शाळकरी मुलांना नियमित गोळ्या देण्याचे उद्दिष्ट ठरले. मुलांची एकेकाची तपासणी होणार नव्हती, म्हणून औषधाची तपासणी नीट होणे भाग होते. खरा घोळ तिथेच आहे.

चाचणीत जंत मोजत नाहीत, विष्ठेतली अंडी मोजतात. 41.7 मिलिग्रॅमचा नमुना काचपट्टीवर घ्यायचा, दिसलेल्या अंड्यांना 24ने गुणायचे, की एका ग्रॅममागची अंडी कळतात. अंकुशकृमी या आतड्यातल्या जंताची अंडी तासाभरात विरघळून दिसेनाशी होतात, त्यामुळे पट्टी तपासायला उशीर झाला की रुग्ण कागदावर 'बरा'. मग यश कशाला म्हणायचे? अंडी पूर्ण गेलेल्या मुलांचे प्रमाण धरायचे की एकूण अंड्यांतली घट? मोहिमा चालवणाऱ्यांनी घट निवडली. जंतांचा भार उतरला तरी मुलाचा त्रास कमी होतो, हा त्यांचा युक्तिवाद खोटा नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013च्या निकषांत गोलकृमी या जंतासाठी 95 टक्के, अल्बेंडाझोल दिल्यास अंकुशकृमीसाठी 90 आणि चाबूककृमीसाठी फक्त 50 टक्के घट समाधानकारक मानली गेली. मार्क बघून पासिंग ठरवावे, तसे हे झाले. चाबूककृमीवर एका गोळीचा प्रभाव आधीपासूनच तोकडा होता. निकष सैल असल्याने ती उणीव बरीच वर्षे कुणाला फारशी टोचली नाही.

गेल्या दशकात चाबूककृमीसाठी अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन हे दुसरे जंतनाशक देऊन पाहिले. टांझानियातील पेंबा बेट आणि लाओसमध्ये जोडी सरस ठरली, आयव्हरी कोस्टमध्ये नाही. तिथल्या रुग्णांतला चाबूककृमी पुढे जनुकीय तपासणीत वेगळ्याच जातीचा निघाला. म्हणजे मोजणी नीट होऊनही सूक्ष्मदर्शकाखाली दोन जाती एकच समजल्या जात होत्या. दोन्ही औषधे एकत्र असलेल्या गोळीला 2025च्या जानेवारीत युरोपातील नियामकांनी अनुकूल मत दिले.

इमोडेप्साइड हे कुत्र्या-मांजरांचे जंतनाशक. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पेंबातील चाचणीत 5 मिलिग्रॅमच्या मात्रेने चाबूककृमीच्या 30पैकी 25 प्रौढ रुग्णांची अंडी पूर्ण गेली, अल्बेंडाझोलने 30पैकी पाचांची. इथे मोजले ते बरे झालेले रुग्ण, अंड्यांतली घट नव्हे.