गव्हाची बिअर : घरगुती निर्मिती आणि कृतींची देवाणघेवाण

गव्हाची बिअर, घरगुती : गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक घेऊन, वरच्या थरात काम करणाऱ्या यीस्टने आंबवून, विक्रीसाठी नव्हे तर घरच्या वापरासाठी आणि छंद म्हणून तयार केलेली बिअर. उरलेला माल्ट बहुधा जवाचा असतो. जर्मनीत ‘वाइत्सनबिअर’ किंवा ‘वाइसबिअर’ या नावाने विकायच्या बिअरमध्ये गव्हाचा माल्ट किमान ५० टक्के असावा लागतो. घरगुती कृतींत हे प्रमाण बहुधा ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असते. या नोंदीत मुख्यतः बव्हेरियन (दक्षिण जर्मनीतील) प्रकाराचा विचार केला आहे. बेल्जियमची वीटबिअर (माल्ट न केलेला गहू, धणे, कडू संत्र्याची साल), बर्लिनची आंबट वाइसे आणि लाइपझिगची मीठ व धणे घातलेली गोझ यांचा उल्लेख प्रसंगोपात येईल.

इतिहास : गव्हाची बिअर प्राचीन आहे. प्राचीन इजिप्तमध्ये जवाबरोबर एमर गहूही बिअरसाठी वापरत. हा आपल्याकडच्या खपली गव्हाचाच प्रकार. बव्हेरियन वाइसबिअरची परंपरा मात्र कागदोपत्री उत्तर-मध्ययुगाच्या मागे फारशी नेता येत नाही. ती बोहेमियातून आली, हे मत बरेच प्रचलित आहे. बव्हेरियन अरण्याचा प्रदेश बोहेमियाला लागून असल्याने ते संभाव्य वाटते, पण त्याला निर्णायक पुरावा म्हणता येणार नाही.

२३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग या बव्हेरियाच्या ड्यूकबंधूंनी काढलेल्या आदेशात बिअरसाठी फक्त जव, हॉप (कडूपणा देणारी फुले) आणि पाणी वापरावे असे म्हटले आहे. यीस्टचा त्यात उल्लेख नाही. पाव भाजणाऱ्यांसाठी गहू राखून ठेवावा म्हणून हा आदेश निघाला, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. आदेशाच्या मजकुराचा बराचसा भाग मात्र बिअरच्या दरांविषयी आहे आणि गव्हाबद्दलचे कारण त्यात कुठेही नोंदलेले नाही. धान्यटंचाईची भीती हे एक कारण असू शकेल. तेच एकमेव होते असे मानण्यापेक्षा बाजारभावावरील नियंत्रण हा मुख्य हेतू धरणे मजकुराशी अधिक जुळते.

या आदेशाला लवकरच अपवाद झाला. डेगनबेर्ग या बव्हेरियन सरदार घराण्याला गव्हाची बिअर करण्याचा खास हक्क मिळाला. त्याचे साल सामान्यतः १५४८ दिले जाते, तर काही लेखनात १५२० असे येते. यांपैकी १५४८ अधिक स्वीकारले गेले आहे. १६०२ मध्ये या घराण्याचा शेवटचा पुरुष निपुत्रिक मरण पावला, तेव्हा हक्क बव्हेरियाचा ड्यूक पहिला माक्सिमिलियान याच्याकडे परत गेला. त्याने तो दुसऱ्या कोणाला दिला नाही. म्युनिकमध्ये आणि पुढे केलहाइम येथे स्वतःची ब्रुअरी चालवून त्याने गव्हाच्या बिअरची मक्तेदारी उभी केली आणि ती राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस मक्तेदारी सैल होईपर्यंत या बिअरची लोकप्रियता ओसरली होती. १८७२ मध्ये मद्यकार गेओर्ग श्नायडर याने बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याच्याकडून ती करण्याचा हक्क मिळवला आणि येथून तिचा आधुनिक इतिहास सुरू होतो. म्हणजे जवळजवळ तीन शतके ही बिअर कोणी करावी हे राजसत्ता ठरवत होती. आज तिची कृती कोणीही मागावी आणि कोणीही द्यावी, या स्थितीचे मोल त्या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

कच्चा माल : मळणीत गव्हाचे टरफल सुटून जाते, जवाचे दाण्याला चिकटून राहते. भिजवलेल्या माल्टमधून गोड द्रव (वर्ट) गाळताना जवाचे हे टरफलच गाळणीचे काम करते. त्यामुळे गव्हाचे प्रमाण वाढले की गाळण मंदावते, कधी पूर्ण तुंबते. गव्हातील अरॅबिनोझायलान ही चिकट पिष्टेतर कर्बोदके त्यात भर घालतात. घरगुती कारागीर यावर भाताचे स्वच्छ धुतलेले तूस मिसळतात. तुसाला स्वतःची चव जवळजवळ नसते. गव्हातील प्रथिने मात्र उपकारक ठरतात. या बिअरचा दाट, टिकाऊ फेस बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे येतो आणि तिच्या गढूळपणात यीस्टबरोबर त्यांचाही वाटा असतो.

लवंगेचा आणि केळ्याचा गंध : वाइसबिअरची ओळख पटते ती लवंग आणि पिकलेले केळे यांची आठवण करून देणाऱ्या दोन गंधांमुळे. दोन्ही पदार्थ बिअरमध्ये घातलेले नसतात. घरगुती निर्मितीतील जवळजवळ सगळी तांत्रिक चर्चा या दोन गंधांच्या समतोलाभोवती फिरते, म्हणून येथे थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे.

लवंगेचा गंध ४-व्हिनिल ग्वायाकॉल या संयुगाचा असतो. लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही दशांशाइतके असले तरी ते नाकाला जाणवते. त्याची सुरुवात धान्यात होते. धान्याच्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्ल अरॅबिनोझायलानला बांधलेले असते. माल्टचे पीठ पाण्यात सुमारे ४३ ते ४५° से. तापमानाला काही काळ ठेवले, तर एस्टरेज प्रकारचे एंझाइम हे आम्ल सुटे करते. मिश्रणाचा पीएच ५.७ च्या आसपास, म्हणजे नेहमीच्या ५.२ ते ५.४ पेक्षा किंचित जास्त असेल, तर हे काम चांगले होते. म्हणून अनेक कृतींत या टप्प्यावर १० ते २० मिनिटे थांबून मगच पिष्टाची साखर होण्याच्या तापमानाकडे (६२ ते ७२° से.) जाण्यास सांगितलेले असते. फेरुलिक आम्ल फक्त गव्हातून येते ही समजूत बरोबर नाही. जवाच्या माल्टमध्येही ते मुबलक असते, त्यामुळे केवळ गहू वाढवून लवंगेचा गंध वाढत नाही.

सुट्या आम्लाचे गंधद्रव्यात रूपांतर यीस्ट करते आणि ही क्षमता प्रत्येक यीस्टमध्ये नसते. ती पीएडी-१ आणि एफडीसी-१ या जनुकांवर अवलंबून असते. लागर (तळाशी, थंडीत आंबवायची बिअर) आणि बहुतेक इंग्लिश एल (वरच्या थरात आंबवायची बिअर) यांच्या यीस्टमध्ये ही जनुके निकामी झालेली आढळतात. शतकानुशतके मद्यकारांनी लवंगेचा वास नसलेले यीस्ट निवडत नेल्याचा हा परिणाम मानला जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनी वाइसबिअरचे यीस्ट बिअर आणि वाइन अशा दोन्ही वंशांच्या मिश्रणातून आल्याचे दाखवले. त्याने ही क्षमता का टिकवली याचा उलगडा त्यातून बराचसा होतो.

केळ्याचा गंध आयसोअॅमिल अॅसिटेट या एस्टरचा असतो आणि तो यीस्ट किण्वनात (आंबण्याच्या क्रियेत) तयार करते. तापमान, वर्टची घनता आणि वर्टमधील ग्लुकोजचे प्रमाण वाढले की त्याचे प्रमाण वाढते. यीस्ट कमी घातल्यानेही ते वाढते असे छंदी कारागिरांत मानले जाते, पण त्याबाबत अनुभव एकसारखे नाहीत. ग्लुकोजचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. वायहेनश्टेफान या म्युनिकजवळच्या मद्यनिर्मिती-संशोधन केंद्रातील संशोधनात मार्कुस हेरमान याने मांडलेली आणि घरगुती वर्तुळात त्याच्याच नावाने ओळखली जाणारी पद्धत यावरच उभी आहे. तीत माल्टच्या एका भागातील पिष्टाची आधी माल्टोज साखर करून घेतात. मग मिश्रण थंड करून उरलेला माल्ट घालतात आणि ते सुमारे ४५° से.ला धरतात, जेणेकरून ताज्या माल्टमधील माल्टेज एंझाइम माल्टोजचे ग्लुकोज करील. या पद्धतीला वेळ बराच लागतो. नवशिक्याने आधी साध्या टप्प्यांच्या पद्धतीने, एकाच यीस्टवर, तापमान बदलत काही खेपा कराव्यात. कोणत्या बदलाने काय झाले हे त्यातून स्पष्ट कळते. मिश्रणाचा काही भाग काढून उकळण्याची जुनी डिकॉक्शन पद्धत परंपरेला धरून आहे, पण आजच्या चांगल्या माल्टला तिची अनिवार्य गरज राहिलेली नाही.

यीस्ट : सर्वाधिक वापरात असलेले वाण वायहेनश्टेफान येथील यीस्टपेढीचे ‘६८’ क्रमांकाचे. अमेरिकन प्रयोगशाळा ते वायईस्ट ३०६८ आणि डब्ल्यूएलपी ३०० या क्रमांकांनी विकतात, असे सामान्यतः मानले जाते. कोरड्या यीस्टपैकी डब्ल्यूबी-०६ हे डायास्टॅटिकस प्रकारचे आहे. इतर यीस्ट ज्या डेक्स्ट्रिनांना (पिष्टाच्या न आंबणाऱ्या तुकड्यांना) हात लावत नाहीत, तीही ते हळूहळू पचवते. त्यामुळे किण्वन पुरते संपण्याआधी बाटल्या भरल्या तर दाब धोकादायक वाढतो. कृती दुसऱ्याला देताना यीस्टचे नाव गाळणे म्हणूनच अक्षम्य आहे.

कृती : नमुन्यादाखल २० लिटरसाठी गव्हाचा माल्ट २.५ किग्रॅ., जवाचा फिकट पिल्सनर माल्ट २ किग्रॅ., हालरटाउ हॉप (कडूपणा देणारे आल्फा आम्ल सुमारे ४ टक्के) २५ ग्रॅ., ६० मिनिटे उकळ. ७० टक्क्यांच्या आसपास उतारा (माल्टमधील साखर वर्टमध्ये उतरण्याचे प्रमाण) मिळाल्यास आरंभीची घनता (पाणी = १.०००) १.०५० च्या जवळ येते. ती १.०१२ पर्यंत उतरली की अल्कोहॉल सुमारे ५ टक्के होते. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या मार्गदर्शिकेत वाइसबिअरची आरंभीची घनता १.०४४ ते १.०५३, कडूपणा ८ ते १५ एकके आणि अल्कोहॉल ४.३ ते ५.६ टक्के दिले आहे. किण्वन १७ ते २२° से. दरम्यान होते. यीस्ट घालतानाचे आणि किण्वनाचे तापमान यांची बेरीज ३० यावी (उदा., १२ आणि १८) असा एक जुना संकेत आहे. तो नियम म्हणून नव्हे, सुरुवातीचा अंदाज म्हणून उपयोगी आहे.

ही बिअर फसफसणारी हवी. २०° से.ला आंबलेल्या बिअरमध्ये लिटरमागे सुमारे १० ग्रॅ. साखर घातल्यास कार्बन डायऑक्साइड साधारण ३.५ आकारमाने (बिअरच्या आकारमानाच्या ३.५ पट वायू) होतो. साखरेऐवजी न आंबवलेला राखून ठेवलेला वर्ट घालण्याची जर्मन रीत आहे. बाटल्या जाड काचेच्याच हव्यात. पातळ काचेच्या बाटल्या फुटून इजा होऊ शकते. लवंगेचा गंध साठवणीत कमी होतो, म्हणून ही बिअर ताजीच प्यावी.

कृतींची देवाणघेवाण : वर दिलेली कृती दोन घरांत दोन वेगळ्या बिअर देईल, हे या विषयाचे मर्म आहे. घटकांची यादी साधी असते. फरक पडतो तो टप्प्यांची तापमाने, पीएच, यीस्टचे वय आणि मात्रा, किण्वनातील प्रत्यक्ष तापमान यांमुळे, आणि नेमके हेच तपशील जुन्या कृतींतून गाळलेले दिसतात. मापांचा घोळही नेहमीचा. अमेरिकन गॅलन ३.७९ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा. ‘पाच गॅलन’ एवढेच लिहिले तर साडेतीन लिटरहून अधिक फरक पडतो. युरोपात घनता प्लेटो अंशांत देतात (१२ अंश म्हणजे सुमारे १.०४८). म्हणून अनुभवी मंडळी माल्ट टक्केवारीत, हॉप कडूपणाच्या एककांत आणि सोबत स्वतःचा उतारा लिहितात. त्यावरून घेणाऱ्याला आपल्या भांड्याप्रमाणे हिशेब मांडता येतो. संगणकासाठी बिअरएक्सएमएल हे कृती नोंदण्याचे सामाईक स्वरूप आहे. बाटलीच्या तळचे यीस्ट वाढवून मित्राला देणे ही देवाणघेवाणीची सर्वांत जुनी रीत. मात्र काही ब्रुअऱ्या बाटलीत वेगळे यीस्ट घालतात, हे लक्षात ठेवावे.

अशा देवाणघेवाणीने एक बिअर जगात परत आली, याचे उदाहरण पोलंडच्या ग्रोजिस्क गावची ग्रोजिस्किए. ओकच्या धुरावर वाळवलेल्या शंभर टक्के गव्हाच्या माल्टची ही हलकी, स्वच्छ आणि जोरकस फसफसणारी बिअर. तिचा उगम बेनेडिक्टिन साधू बेर्नार्ड याने आशीर्वादित केलेल्या विहिरीशी जोडणारी कथा श्रद्धेचा भाग आहे. १९९३ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पोलिश घरगुती मद्यकारांच्या संघटनेने जुन्या कामगारांच्या आठवणी, कागदपत्रे आणि जपून ठेवलेले यीस्ट यांच्या आधारे ती पुन्हा उभी केली आणि २०१५ मध्ये ग्रोजिस्कमध्ये तिचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. बेल्जियमच्या हुखार्डन गावची वीटबिअरही १९५० च्या दशकात बंद पडली होती. ती १९६० च्या दशकात पिएर सेलिस याने पुन्हा सुरू केली.

कायदा : ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन करमुक्त बिअर करता येऊ लागली. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा यांनी २०१३ पर्यंत वाट पाहिली. त्याच १९७८ मध्ये चार्ली पपाझियन आणि चार्ली मात्झन यांनी कोलोरॅडोतील बोल्डर येथे अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन स्थापली. जर्मनीत करमुक्त मर्यादा दीर्घकाळ वर्षाला २०० लिटर होती. २०२४ पासून ती ५०० लिटर झाली.

महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्यनिर्मिती गुन्हा आहे. त्यामुळे येथे गव्हाची ताजी बिअर परवानाधारक लघुब्रुअऱ्यांतच मिळते. राज्यातील पहिली लघुब्रुअरी, ‘डूलाली’, २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. तेव्हापासून बव्हेरियन धर्तीची हेफेवाइत्सन (यीस्ट न गाळलेली वाइसबिअर) आणि बेल्जियन धर्तीची वीट पुण्या-मुंबईच्या लघुब्रुअऱ्यांत रुळल्या आहेत. परदेशी राहणारे मराठी छंदी कारागीर तेथील कायद्याच्या मर्यादेत त्या घरीही करू शकतात.